दिवेघरातली वेतुरिया

आमच्या खाणीत उतरायचं तर आधी वेतुरियाच्या खिडकीपाशी जावं लागायचं. माणूस आपला पितळी बिल्ला खिडकीतून आत सरकवायचा, आणि ती त्याच आकड्याचा टोपीवरचा दिवा बाहेर द्यायची. पाळी संपली की उलटं, दिवा आत आणि बिल्ला बाहेर. दिवा हातात देताना ती 'नोरोक बून' म्हणायची, म्हणजे नशीब चांगलं असो. खाली जाणाऱ्याला आमच्याकडे दुसरं काही म्हणत नाहीत. पंचवीस वर्षं तिनं हे काम केलं. एका पाळीला दोनेकशे माणसं, आणि प्रत्येकाशी तेवढे दोन शब्द. त्याहून जास्त बोलायची तिला सवयच नव्हती.

मी इथे, जिऊच्या खोऱ्यातल्या पेत्रिला गावात, टपाल वाटते. वेतुरिया माझ्याच इमारतीत राहते, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर. तिचा नवरा औरेल बांधकामाच्या कामाला इटलीला गेला तेव्हा त्यांची मुलगी लिदिया शाळेत होती. आधी त्याचा दर रविवारी फोन यायचा, मग फक्त सणाला. मग एक दिवस वकिलाचा लिफाफा आला, तो मीच तिच्या हातात दिला. तिनं सही केली, 'थंडी आहे बाहेर, कॉफी घेतेस का,' असं विचारलं आणि मी नको म्हटल्यावर दार लावलं. ती कॉफी मी घ्यायला हवी होती, हे मला फार उशिरा कळलं. पुढे लिदियाही स्पेनला गेली, सारागोसाला, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला. तिथेच तिनं लग्न केलं.

दोन हजार पंधराच्या शरदात खाण बंद झाली. शेवटची पाळी वर आली तेव्हा फाटकाबाहेर बँड होता, बायका रडत होत्या, टीव्हीवाले आले होते. वेतुरियाचा फोटो कुणी काढला नाही. तिनं शेवटचे दिवे घेतले, खिडकीची काच आतून-बाहेरून पुसली आणि चालत घरी आली. ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. खाली उतरणाऱ्यांना लवकर पेन्शन मिळते, पण तिचं काम वरचं होतं, त्यामुळे तिला अजून बरीच वर्षं कमी पडत होती.

तो हिवाळा तिनं कसा काढला ते मला छताकडून कळायचं. सकाळी सहाला पावलं वाजायची, खिडकीपर्यंत जायची आणि थांबायची. मग दुपारपर्यंत काही नाही. एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मार्ता, काल मी दिवसभरात एकच शब्द बोलले. पाववालीला 'एक' म्हटलं."

मी हसले. तिला हसायचं नव्हतं.

वसंतात रोजगार कचेरीत तिला बोलावलं. तिथल्या बाईनं तिच्यापुढे तीन कागद ठेवले. केस कापणं, हॉटेलचा स्वयंपाक, आणि विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती.

"केस कापायला शिका," ती बाई म्हणाली. "बायकांना ते जमतं."

"त्यात गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं ना?"

"बोलावं तर लागेलच."

"मग तो तिसरा कागद द्या."

वर्ग पेत्रोशानमध्ये होता, बसनं वीस मिनिटं. वर्गात चौदा पुरुष आणि ही एक. पहिल्या दिवशी दाराशीच कुणीतरी म्हणालं, "काकू, शिवणाचा वर्ग पलीकडच्या खोलीत." ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. शिकवायला बेनेडेक नावाचे म्हातारे हंगेरियन मास्तर होते. सगळी हयात त्यांनी खाणीतले टेलिफोन दुरुस्त करण्यात घालवली होती. बोलणं तिखट, पण हात इतका हलका की कथिलाचा डाख द्यायची तापलेली डाखणी धरली तर तिचा धूरसुद्धा सरळ वर जायचा.

सुरुवातीला तिला काहीच जमेना. जवळचं दिसत नव्हतं. डाखणीचं टोक थरथरायचं, कथिलाचा थेंब भलतीकडेच पडायचा. एकदा बेनेडेक तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "बाई, हे कथील आहे. मक्याच्या पिठाची ममालिगा नाही, डावानं वाढायला."

सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती डोक्याला पट्ट्यानं बांधायचं भिंग घेऊन आली. ती मांडणीही तिनंच केली होती, भिंग कुठल्याशा जुन्या यंत्रातलं आणि पट्टा खाणीतल्या हेल्मेटचा. मग मात्र कुणी हसलं नाही. बेनेडेकनी ते भिंग उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "मलाही असं एक करून द्याल?"

परीक्षेला त्यांनी एक मेलेला रेडिओ टेबलावर ठेवला आणि बिघाड शोधायला सांगितलं. पोरांनी मीटर लावलं, भाग बदलले, दोघांनी तर तो जाळायच्या लायकीचा आहे असं ठरवून टाकलं. वेतुरियानं रेडिओतली जोडण्यांची पाटी काढून उजेडाकडे तिरकी धरली आणि नुसती बघत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एका सांध्यावर बोट ठेवलं. सांधा वरून चकचकीत, पण तारेभोवती केसाएवढी गोल भेग. पंचवीस वर्षं दिव्यांच्या तारांची टोकं तपासलेली नजर होती ती. तिनं डाखणी टेकवली आणि रेडिओ खरखरला.

"हे शिकवता येत नाही," बेनेडेक म्हणाले. त्यांनी एवढंच कौतुक केलं, पण ती ते वाक्य घरी घेऊन आली आणि जिन्यात मला ऐकवलं. त्या वर्षात तिनं आपणहून सांगितलेली ती एकमेव चांगली गोष्ट.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कपडे वाळवायची खोली होती. निम्मी घरं रिकामी झाल्यावर तिथे दोऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. वेतुरियानं ती खोली भाड्यानं घेतली, टेबल लावलं आणि दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी टांगली. 'दुरुस्ती.' नाव घातलं नाही.

महिनाभर जे कुणी आले ते आत डोकावून विचारायचे, "मालक कुठे गेलेत?"

"मीच आहे."

"नाही, म्हणजे जे दुरुस्त करतात ते?"

"मीच ते."

"बरं, मग मी नंतर येते," असं म्हणून बाई जायची. एकानं इस्त्री आणली, ती तिनं उघडायला घेतली तर त्यानं हातातून काढून परत नेली. ती टेबलाशी बसून राहायची आणि मी टपाल टाकून जाताना काचेतून तिचं वाकलेलं डोकं दिसायचं. पुढ्यात काहीतरी उघडलेलं असायचं. नंतर कळलं, कचऱ्यात टाकलेले रेडिओ आणून ती ते उघडायची, जुळवायची आणि पुन्हा उघडायची.

आता जाहारियाबद्दल सांगायला हवं. जाहारिया आमच्याच इमारतीतला, चौथ्या मजल्यावरचा; खाली उतरणारा माणूस, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा. एकोणीसशे सत्त्याण्णव साली एका सकाळी तो खिडकीपाशी आला तेव्हा वेतुरियानं त्याला दिवा दिला नाही. दारूचा वास येत होता. तिनं नोंदवहीत तसं लिहिलं, आणि साहेबांनी त्याला वर्षभर वर लाकडं ओढायला लावलं. पेन्शनच्या हिशेबातलं खालचं एक वर्ष बुडालं. तेव्हापासून तो गावभर सांगत फिरायचा, "त्या दिवेवालीनं माझ्या पोटावर पाय दिला." वीस वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. रस्त्यात दिसली तर पलीकडे व्हायचा आणि थुंकायचा.

त्याची बायको फ्लोआरिया. तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. ती दिवसभर पलंगावरून टीव्ही बघायची. एका सकाळी मी पेन्शन घेऊन गेले तर टीव्ही बंद, आणि जाहारिया त्याच्यापुढे बसून रिमोटवर बोटं आपटत होता. खालचा लाल दिवा लुकलुकायचा, पण पडदा उजळायचा नाही.

"पेत्रोशानला ने," मी म्हटलं.

"तिकडचा म्हणतो नवा घ्या. आणि ही बघ." त्यानं पलंगाकडे मान केली. फ्लोआरिया काळ्या पडद्याकडे बघत होती. "कालपासून अशीच बघतेय. मी बोलतो तर माझ्याकडे बघत नाही."

"आपल्या तळमजल्यावर आहे की एकजण."

"कोण?" आणि मग त्याला कळलं. "त्यापेक्षा मी हा खिडकीतून फेकेन."

"फेक. फ्लोआरियाला काय दाखवशील मग?"

 मी खाली जाऊन वेतुरियाला सांगितलं. ती बराच वेळ हातातला स्क्रू-ड्रायव्हर फिरवत राहिली. मग पिशवी उचलून माझ्याबरोबर चौथ्या मजल्यावर आली.

जाहारियानं दार उघडलं आणि आडवा उभा राहिला. "वीस वर्षांपूर्वी दिवा दिला नाहीस. आता टीव्ही तरी देशील का?"

"आत येऊ दिलंस तर बघते."

तिनं टीव्हीची पिन काढली, जमिनीवर चादर पसरून तो पालथा घातला आणि मागचं झाकण उघडलं. जाहारिया डोक्यावर उभा. "काय बघतेस? वास घेतेस काय?"

"हो," ती म्हणाली. "जळल्याचा येतोय." तिनं आतली एक पाटी दाखवली. तिच्यावर तीन कपॅसिटर होते, पेन्सिलीएवढ्या जाडीचे लहान डबे. त्यांची डोकी सपाट असायला हवीत, ती फुगून वर आली होती. "हे गेलेत. बाकी टीव्ही ठीक आहे."

पाटी घेऊन ती खाली गेली आणि दुपारी परत आली. टीव्ही जोडला, लावला. आधी आवाज आला, मग चित्र. कुठल्याशा लग्नातलं वाजवणं चाललं होतं, बायका हातात हात घालून नाचत होत्या. फ्लोआरियाचा डावा हात पांघरुणावर हलला, दोन बोटं तालावर. जाहारियानं ते पाहिलं आणि तो एकदम स्वयंपाकघरात निघून गेला. बऱ्याच वेळानं कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सारमालेंची ताटली घेऊन बाहेर आला आणि वेतुरियापुढे आदळली.

"खा. मीच केल्यात, म्हणून चांगल्या नाहीत."

तिनं दोन खाल्ल्या. खरंच चांगल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी गुत्त्यात जाहारिया म्हणाला, "बाई चेटकीण आहे, पण टीव्ही चालतोय." त्याच्या तोंडून हे आल्यावर गावाला दुसऱ्या कुणाची शिफारस लागली नाही. पुढच्या आठवड्यापासून लोक यायला लागले, मिक्सर, हिटर, नातवंडांचे फोन, गाण्यांच्या जुन्या कॅसेटी वाजवायची यंत्रं घेऊन. मालक कुठे गेलेत हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

काम मिळालं म्हणजे माणसं मिळाली असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. लोक वस्तू ठेवायचे, 'कधी येऊ?' विचारायचे आणि जायचे. ती 'गुरुवारी' म्हणायची. खिडकीपाशी दोनशे जण यायचे, आता दिवसाला चार. संध्याकाळी ती वर जायची आणि माझ्या छतावर पावलं खिडकीपर्यंत जाऊन थांबायची.

दीड वर्षानं फ्लोआरिया गेली. पुरून आल्यावर आठवडाभरानं जाहारिया हातगाडीवर टीव्ही घालून दुकानात आला. मी तेव्हा तिथेच होते, एका पार्सलवर सही घेत.

"हा नको आता मला," तो म्हणाला. "कुणाला लागला तर दे."

"ठेव."

तो गेला नाही. टोपी हातात धरून उभा राहिला. "त्या दिवशी मी प्यायलेलो होतो."

"माहीत आहे. मला वास आला होता."

"ते नव्हे. त्या महिन्यात मी चारदा पिऊन आलो होतो. चारही वेळा तू नाक दुसरीकडे फिरवलंस आणि दिवा दिलास. मग त्याच दिवशी का नाही? वीस वर्षं मी हेच विचारत होतो, पण कुणाला विचारू?"

वेतुरियानं भिंग कपाळावर सरकवलं. "चारदा दिला म्हणून मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. पाचव्या वेळी तू खिडकीपाशी उभा राहून बिल्ला शोधत होतास. या खिशात, त्या खिशात. आणि बिल्ला तुझ्या दातांत होता."

जाहारियाचं तोंड उघडं राहिलं. मग त्याच्या पोटातून कसला तरी आवाज आला; मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. हसता हसता डोळे पुसत होता, म्हणजे रडतही असेल. "दातांत," तो म्हणाला. "आणि कुणी सांगितलं नाही मला!" टोपी घातली आणि निघून गेला. नंतर ती दोघं मित्रबित्र झाली असं काही नाही. पण रस्त्यात तो पलीकडे व्हायचा बंद झाला, आणि टोपीला हात लावू लागला.

तो टीव्ही वेतुरियानं दुसऱ्या मजल्यावरच्या एका विधवेला दिला.

त्याच वर्षी लिदियानं हट्ट धरला. "आई, तिथे आहे कोण तुझं? इथे ये. नोएलियाला आजी हवी." नोएलिया नात, सहा वर्षांची. वेतुरियानं दुकानाला कुलूप लावलं, किल्ली मला दिली आणि स्पेनच्या बसमध्ये बसली. मला वाटलं, सुटली बाई. खरं सांगायचं तर मला थोडा हेवाही वाटला.

सात आठवड्यांनी ती परत आली. काय झालं ते तिनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पहिल्या आठवड्यात तिनं लिदियाच्या घरातलं मोडकं सगळं दुरुस्त केलं. दुसऱ्या आठवड्यात काही मोडलेलं उरलं नाही. लिदिया आणि जावई सकाळी कामाला जायचे, मुलगी शाळेत. मुलीला आईची भाषा येत नव्हती. आजीकडे बघून ती हसायची आणि मग टॅबमध्ये डोकं घालायची. तिची एक बोलणारी बाहुली होती, तिचा आवाज गेला होता. वेतुरियानं ती उघडली, तुटलेली तार जोडली आणि तपासायला पन्नास वेळा कळ दाबली. बाहुली एकच वाक्य बोलायची. दुपारी नोएलिया आली तेव्हा आजीनं तेच वाक्य बाहुलीच्या आवाजात म्हणून दाखवलं.

"म्हणजे काय असतं ते?" मी विचारलं.

"'मला झोप आलीय,'" वेतुरिया म्हणाली. "नात म्हणाली, मग झोप ना. ती काय म्हणाली ते लिदियानं संध्याकाळी मला सांगितलं. मग मी आणि नात, दोघी हसलो. पण त्यापुढे मला दुसरं वाक्य येत नव्हतं."

मग एके दिवशी तिनं कचऱ्याच्या पेटीजवळ टाकलेला पंखा उचलून घरी आणला. लिदिया कामावरून आली आणि दारातच थांबली.

"आई, हे काय? शेजाऱ्यांनी बघितलं का?"

"चांगला आहे गं. नुसती पिन सैल झालीय."

"इथे वस्तू बिघडली की फेकतात, आई. उचलत नाहीत. आधीच आपल्याकडे कसं बघतात ते तुला ठाऊक नाही."

वेतुरियानं पंखा परत पेटीजवळ नेऊन ठेवला. जाताना पिन घट्ट केली, म्हणाली, कुणाला लागला तर असू दे. दुसऱ्या दिवशी तिनं परतीचं तिकीट काढायला सांगितलं. बस सुटताना लिदिया फार रडली. "मी काही बोलले म्हणून चाललीस ना?" "नाही गं," आईनं सांगितलं, "माझे हात रिकामे राहतात इथे." लिदियाला ते पटलं नाही. अजूनही फोनवर ती विचारते.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. पेत्रिला आणखी रिकामं झालंय. मी ज्या पेट्यांत टपाल टाकायचे त्यातल्या कितीतरींची दारं वाऱ्यावर वाजतात. बेनेडेक मास्तर वारले. त्यांच्या मुलीनं त्यांचं जुनं मीटर वेतुरियाला पाठवलं, ते मीच पोचवलं.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी मी रजिस्टर पत्र घेऊन दुकानाशी गेले. दार लोटलेलं होतं आणि आतून बोलणं ऐकू येत होतं. बरीच माणसं असावीत, कुणी हसत होतं, कुणी गात होतं, एक बाई हवामान सांगत होती. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, अखेर हिच्याकडे कुणीतरी बसायला आलं. मी पायपुसण्यावर बूट झटकले, केस सारखे केले आणि दार ढकललं.

आत ती एकटी होती. मागच्या फळीवर नऊ रेडिओ आणि दोन टीव्ही, सगळे हळू आवाजात चालू.

"ये," ती म्हणाली. "अर्धा तास झाला की बंद करते. नुसते पडून राहिले की आतले कपॅसिटर मरतात. अधूनमधून वीज लागते त्यांना."

"कुणाचे आहेत हे?"

"न्यायला आले नाहीत त्यांचे." तिनं बोटानं दाखवत सांगितलं. तो लाल दोम्निकाचा, ती मुलाकडे जर्मनीला गेली. तो लाकडी म्हाताऱ्या विचेंतियूचा, त्याला जाऊन दोन वर्षं झाली. त्या टीव्हीवाल्याचं नाव तिनं चिठ्ठीवर लिहिलं होतं, पण त्याच्या घराला आता कुलूप आहे. प्रत्येकाचा बिघाड तिला पाठ होता.

"परत येतील?"

"दोघं येतील बहुतेक," तिनं विचार करून सांगितलं. "तिघंही येतील, दोम्निकाचं सुनेशी पटलं नाही तर."

तिनं सही केली आणि मग विचारलं, "कॉफी घेतेस?"

पिशवीत अजून अकरा पत्रं होती. मी स्टूल ओढलं आणि बसले.  हवामानवाली सांगत होती की जिऊच्या खोऱ्यात उद्या बर्फ पडेल. वेतुरियानं माझ्यापुढे कप ठेवला आणि फळीपाशी जाऊन एकेक रेडिओ बंद करायला लागली.